पाचावर थांबायचं की पान घ्यायचं?

चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमध्ये कॅसिनोंची जी अवाढव्य कमाई होते, तिचा चार-पंचमांशाहून मोठा वाटा एकाच पत्त्यांच्या खेळातून येतो. तो पोकर नाही, रुलेटही नाही. त्याचं नाव बॅकरा. (लिहिताना शेवटी टी असतो, बोलताना तो गाळतात.) या खेळाची पहिलीच गोष्ट ऐकून माणूस चक्रावतो: यात खेळणाऱ्याला काही म्हणजे काहीच ठरवायचं नसतं! कुठलं पान टाकू, कुठलं राखू, हुकूम कधी लावू, तीन पत्तीतल्यासारखं पॅक कधी करू, यातला एकही प्रश्न नाही. डाव सुरू व्हायच्या आधी एका बाजूवर चिप ठेवायची आणि पानं उघडताना बघत बसायचं.

नवशिक्याला हे फार सोयीचं वाटतं. दहा मिनिटांत खेळ शिकून होतो. पण त्या दहा मिनिटांनंतर कुणी विचारलं, ‘नियम असेच का?’, तर खरी मजा तिथून सुरू होते. बॅकराच्या नियमांत एक असा प्रश्न दडलेला आहे, ज्यानं एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञांना अडवलं आणि ज्याचं चोख उत्तर मिळायला १९५७ साल उजाडावं लागलं. तो प्रश्न आपण आज घरच्या पत्त्यांवर सोडवू शकतो, फक्त बेरीज-वजाबाकी करून.

तर पत्त्यांचा कॅट काढा. जोकर बाजूला ठेवा.

एक्क्याचा गुण एक. दुर्रीपासून नव्वीपर्यंत पानावर जितके ठिपके तितके गुण. दश्शी, गुलाम, राणी आणि राजा यांना शून्य. हो, राजालाही शून्य! रंगाला काही किंमत नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळे सारखे. आता दोन पानांची बेरीज करायची. दुसरीतल्या मुलाला आपण शिकवतो ना, ‘आठ नि सात पंधरा, पाच लिहा, हातचा एक’? बॅकरात पाच लिहायचे आणि हातचा सोडून द्यायचा. सत्ती आणि छक्की मिळून तेरा, म्हणजे तीन. नव्वी आणि एक्का मिळून दहा, म्हणजे शून्य. त्यामुळे नवापेक्षा मोठी बेरीज असूच शकत नाही. ज्या बाजूची बेरीज नवाच्या जास्त जवळ, ती बाजू जिंकली.

एवढ्या साध्या मोजणीत पहिलं आश्चर्य दडलंय. दोन पानं उचलली तर कुठली बेरीज सर्वांत जास्त वेळा येईल? पानांचे प्रकार तेरा, म्हणून दोन पानांच्या जोड्या तेरा गुणिले तेरा, म्हणजे १६९. यांतली सात बेरीज देणाऱ्या जोड्या मोजून बघा. सत्तीबरोबर चार शून्यवाल्या पानांपैकी कुठलंही, पुढे-मागे दोन्ही क्रमांनी: आठ. शिवाय एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, आठ-नऊ, तीही दोन्ही क्रमांनी: आणखी आठ. एकूण १६. आता हीच मोजणी तिनासाठी करा, पाचासाठी करा, नवासाठी करा. प्रत्येक वेळी १६च येतात! फक्त शून्य वेगळं निघतं. शून्यवाल्या दोन पानांच्या १६ जोड्या आणि बेरीज दहा होणाऱ्या आणखी ९, मिळून २५. नऊ बेरजा अगदी बरोबरीच्या आणि एकटं शून्य दीडपटीहून पुढे. हे १६ आणि २५ लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता प्रत्यक्ष डाव. कॅसिनोत एक नव्हे, आठ कॅट एकत्र पिसतात. ही ४१६ पानं ‘शू’ नावाच्या पेटीत भरतात आणि डीलर तिच्यातून एकेक पान सरकवत काढतो. टेबलावर दोनच हात असतात. एकाला ‘प्लेयर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘बँकर’. नवखे इथे हमखास गोंधळतात. प्लेयर म्हणजे तुम्ही नाही आणि बँकर म्हणजे कॅसिनो नाही. ही दोन हातांची नुसती नावं आहेत. तुम्ही दोघांपैकी कुणावरही पैज लावू शकता. तिसरी पैज ‘टाय’वर, म्हणजे दोघांची बेरीज सारखी येईल यावर. टाय झाला आणि तुमची पैज प्लेयर किंवा बँकरवर असली, तर चिप जशीच्या तशी परत.

दोन्ही हातांना दोन-दोन पानं मिळतात. कुणाचीही बेरीज आठ किंवा नऊ झाली तर डाव तिथेच संपला. याला ‘नॅचरल’ म्हणतात आणि साधारण तीन डावांत एकदा तो येतोच. नाही आला, तर आधी प्लेयरची पाळी. शून्य ते पाच असेल तर तिसरं पान घ्यायचं. सहा किंवा सात असेल तर थांबायचं. मग बँकर. प्लेयर थांबला असेल तर बँकरलाही तोच नियम: पाचापर्यंत पान घ्यायचं, सहा-सातावर थांबायचं. पण प्लेयरनं तिसरं पान घेतलं असेल, तर बँकर ते उघडं पान बघून ठरवतो.

बँकरची बेरीज शून्य, एक किंवा दोन असेल तर तो पान घेतोच. तीन असेल तर प्लेयरचं तिसरं पान अठ्ठी असल्याशिवाय घेतो. चार असेल तर ते पान दुर्री ते सत्ती असल्यास घेतो. पाच असेल तर चौकी ते सत्ती असल्यास. सहा असेल तर छक्की किंवा सत्ती असल्यासच. साताला थांबतो.

एक डाव लावून पाहू. प्लेयरकडे राजा आणि चौकी: बेरीज चार. बँकरकडे नव्वी आणि सत्ती: सोळा, म्हणजे सहा. प्लेयरला तिसरं पान मिळालं छक्की. चार नि सहा दहा, म्हणजे शून्य! बँकरची सहा बेरीज आता आरामात जिंकतेय. पण नियम सांगतो की प्लेयरचं तिसरं पान छक्की असेल तर सहावाल्या बँकरनंही पान घ्यायचं. घेतलं, निघाली चौकी. सहा नि चार दहा, म्हणजे बँकरही शून्य. जिंकलेला डाव टाय झाला.

असला वेडा नियम कशासाठी? सहावर बसलेल्या बँकरनं उगाच पान का घ्यावं? आणि तीनसारख्या दुबळ्या बेरजेला फक्त अठ्ठी दिसल्यावरच का थांबावं? टेबलावर विचारलंत तर उत्तर मिळतं, ‘ते पाठ करायची गरज नाही, डीलर बघतो.’ खरंच गरज नाही. पण तो तक्ता सोडून दिला तर खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट हातची जाते.

अठ्ठीचं उदाहरण घेऊ. बँकरच्या जागी स्वतःला धरा: माझी बेरीज मला माहीत आहे, प्लेयरचं तिसरं पान दिसतंय, पण त्याची आधीची दोन पानं मला माहीत नाहीत. एवढंच माहीत आहे की ती बेरीज शून्य ते पाचपैकी काहीतरी होती, नाहीतर त्यानं पान घेतलंच नसतं. मघाचे आकडे काढा: शून्याचे २५ मार्ग, एक ते पाच प्रत्येकाचे १६. एकूण १०५. आता प्रत्येकात आठ मिळवा. शून्याचे झाले आठ, एकाचे नऊ, दोनाचे शून्य, तिनाचा एक, चाराचे दोन, पाचाचे तीन. बँकर तीनवर थांबला तर काय होईल? आठ-नऊपुढे तो हरतो: २५ आणि १६ मिळून ४१ वेळा. शून्य-एक-दोनवर जिंकतो: ४८ वेळा. तिनाशी बरोबरी: १६ वेळा. म्हणजे १०५ डावांत निव्वळ ७ डावांची आघाडी. आणि थांबण्याऐवजी पान घेतलं तर? तेराही प्रकारची पानं एकेक करून धरा आणि असाच हिशोब करा. आघाडी येते साधारण ६.६ डावांची.

सात विरुद्ध सहा पूर्णांक सहा दशांश! १०५ डावांमागे अर्ध्या डावाचासुद्धा फरक नाही, आणि तक्ता तरीही बरोबर बाजूला उभा आहे.

छक्कीचंही तसंच. सहावाल्या बँकरसमोर प्लेयरची छक्की आली. थांबला तर ३२ वेळा जिंकतो, ४८ वेळा हरतो, २५ वेळा बरोबरी. निव्वळ तोटा १६ डावांचा. पान घेतलं तर तोटा साधारण १५.६ डावांचा. पुन्हा अर्ध्या डावाहून कमी फरक, पुन्हा तक्ता बरोबर. आपण लावलेल्या डावात बँकरचं नुकसान झालं खरं, पण प्लेयरचं ते शून्य उपड्या पानांत नुसत्या १६ मार्गांनी येतं. बाजूला छुपे सहा, सात, आठ आणि नऊ उभे होते. सगळे मिळून हिशोब बघितला की पान घेणंच शहाणपणाचं. मी हा तक्ता पहिल्यांदा असा ओळीओळीनं तपासला तेव्हा मला त्याचा मोठा आदर वाटला, आणि तो आजही वाटतो.

प्लेयरची बाजू आधी खेळते, बँकर तिचं पान बघून मग खेळतो. या ‘बघून’ची किंमत किती? आठ कॅटवर पहिल्या सहा पानांच्या जितक्या मांडण्या शक्य आहेत, त्या आहेत ४,९९८,३९८,२७५,५०३,३६०, म्हणजे जवळपास पाच हजार लाख कोटी. त्या सगळ्यांचा हिशोब केला की दर शंभर डावांत बँकर ४५.८६ जिंकतो, प्लेयर ४४.६२ आणि ९.५२ टाय होतात. एवढ्या माहितीच्या फायद्यातून मिळालेली आघाडी सव्वा टक्क्याचीही नाही!

पण मग सगळे बँकरवरच पैसे लावतील आणि कॅसिनो बुडेल. म्हणून बँकरवर जिंकलेल्या पैशांतून ५ टक्के कमिशन कापतात. गणित आता तोंडी करता येतं. प्लेयरवर शंभर वेळा शंभर रुपये लावले, तर सरासरीनं ४४.६२ वेळा मिळतात आणि ४५.८६ वेळा जातात; तोटा १.२४ टक्के. बँकरवर ४५.८६ वेळा शंभराऐवजी ९५ मिळतात, तोटा १.०६ टक्के. कमिशन कापूनही बँकर प्लेयरपेक्षा किंचित बरा राहतो, पण दोन्हीकडून कॅसिनोच कमावतो. टायवर एकास आठ मिळतात, ऐकायला मोह पडतो; पण तो ९.५२ टक्केच वेळा येतो, म्हणून तोटा तब्बल १४.३६ टक्के. नवशिक्याला कुणी एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगावी: टायच्या चौकोनाकडे बघूही नका. आणि भिंतीवरच्या फलकावर लाल-निळ्या गोलांच्या माळा दिसतात, मागचे निकाल दाखवणाऱ्या. लोक तासन्‌तास त्यांतून आकृत्या शोधतात. पुढच्या पानाला मागचा निकाल माहीत नसतो. शूमधली पानं संपत जातात तसा अंदाजात थोडा बदल होतो, हे खरं. पण ब्लॅकजॅकमध्ये पानं मोजण्याची युक्ती जगासमोर आणणारे एडवर्ड थॉर्प यांनी बॅकराही तपासला आणि प्लेयर-बँकरच्या मुख्य पैजांवर ती युक्ती व्यवहारात चालत नाही, हे दाखवून दिलं.

आता येऊ त्या अडलेल्या प्रश्नाकडे.

आजचा बॅकरा यंत्रासारखा चालतो, पण तो ज्या फ्रेंच खेळातून आला त्या ‘शमँ द फेर’मध्ये यंत्र नव्हतं. तिथे बँकर म्हणजे टेबलावरचाच एक खेळाडू. शू हातोहात फिरायचा, ज्याच्याकडे शू तो बँकर, बाकीचे त्याच्याविरुद्ध. इयान फ्लेमिंगची ‘कॅसिनो रोयाल’ ही कादंबरी १९५३ साली आली, तिच्यात जेम्स बाँड आणि ल शिफ्र एकमेकांसमोर याच जातीचा खेळ खेळले. ‘शमँ द फेर’मध्ये प्लेयरला फक्त एका बेरजेवर मोकळीक होती: पाचावर. चारपर्यंत घ्यायचंच, सहाला थांबायचंच, पाचाला तुमची मर्जी.

पाचच का? तेरा प्रकारची पानं मोजा. पाचावर एक, दोन, तीन, चार मिळाले तर बेरीज सुधारते: चार पानं. शून्यवाली चार पानं काही बदलत नाहीत. पाच ते नऊ मिळाले तर बेरीज घसरते: पाच पानं. घ्या किंवा न घ्या, तराजू जवळजवळ सरळ. जोसेफ बर्ट्राँ या फ्रेंच गणितज्ञानं १८८९मध्ये संभाव्यतेवरच्या आपल्या पुस्तकात हा प्रश्न उचलला आणि त्याला एक अडचण दिसली. पाचावर घ्यावं की नाही, हे नुसतं पानांवर ठरत नाही. बँकरला तुमच्याबद्दल काय वाटतं, यावरही ते ठरतं! नाण्याच्या आणि फाशांच्या गणितात असला प्रश्न नव्हता. फाशाला तुमची सवय माहीत नसते.

पेच असा आहे. समजा, तुम्ही पाचावर नेहमीच पान घेता आणि बँकरला हे ठाऊक आहे. आज तुम्ही थांबलात. म्हणजे तुमच्याकडे सहा किंवा सात आहे, दुसरं काही असूच शकत नाही. बँकरकडे सहा आहेत. तो थांबला तर तुमच्या सहाशी बरोबरी, सातापुढे हार. दोन्ही शक्यता सारख्या (आठवा, प्रत्येकी १६), म्हणून २६ डावांत त्याचा तोटा १३. पान घेतलं तर? तुमच्या सहाविरुद्धच्या १३ डावांत एक, दोन, तीन आले तर जिंकतो, सहा पानांवर हरतो, निव्वळ तोटा ३. साताविरुद्धच्या १३ डावांत २ जिंकतो, १० हरतो, तोटा ८. एकूण ११. तेव्हा पान घेणं त्याला २ डावांनी फायद्याचं. सहावर पान! एरवी कुणी घेणार नाही.

मग तुम्ही त्याला फसवा. मधूनच पाचावर थांबा. तुमच्या त्या पाचापुढे बँकरचे सहा थांबले तर १३च्या १३ डाव तो जिंकतो. पान घेतलं तर ७ जिंकतो, ५ हरतो, नफा फक्त २. म्हणजे तुम्ही पाचावर थांबलेले असताना पान घेणं त्याला ११ डावांनी महाग पडतं. पण तुम्ही नेहमीच पाचावर थांबायला लागलात तर त्याला कळेल आणि तो सहावर निवांत थांबेल. म्हणजे ‘नेहमी घ्या’ हे चुकीचं आणि ‘नेहमी थांबा’ हेही चुकीचं. बरोबर उत्तर मधे कुठेतरी आहे. पण मधे म्हणजे नेमकं कुठे?

जिथे बँकरला दोन्ही चाली सारख्याच वाटतील, तिथे. एका बाजूला २, दुसऱ्या बाजूला ११. तेव्हा पाच हातात आल्यावर ११पैकी २ वेळा थांबायचं आणि ९ वेळा पान घ्यायचं. झालं! जॉन केमेनी आणि लॉरी स्नेल या अमेरिकी गणितज्ञांनी १९५७ साली बॅकराचं जे उत्तर छापलं, त्यात प्लेयरसाठी हाच आकडा आहे: पाचावर ९/११ वेळा पान घ्या. हे केमेनी म्हणजे उमेदीच्या काळात आइनस्टाइन यांचे गणितातले सहायक राहिलेले आणि पुढे १९६४मध्ये थॉमस कुर्ट्झ यांच्यासोबत बेसिक ही संगणकाची भाषा बनवणारे. आपल्याकडे शाळेत संगणकाचा पहिला तास अनेकांनी त्याच भाषेत गिरवला. बँकरच्या बाजूचं उत्तर मात्र अवघड निघालं. प्लेयर थांबल्यावर सहावाल्या बँकरनं २२८८पैकी ८५९ वेळा पान घ्यावं! हा आकडा मी कितीदा वाचला तरी मला थक्क करतो. माणसं शतकभर टेबलावर अंतःप्रेरणेनं जे करायची, त्याच्या मुळाशी एवढा अपूर्णांक बसला होता.

नंतर हा खेळ बदलला. टॉमी रेन्झोनी यांनी १९५९ साली लास व्हेगासच्या सँड्स कॅसिनोत तो ज्या रूपात आणला, त्यात शू हातोहात फिरत राहिला तरी पैज कॅसिनोशी आणि पाचाची मोकळीक गेली. प्लेयर पाचावर नेहमी पान घेणार, हे छापून टाकलं. आता मघाचा हिशोब लावा. प्लेयर पाचावर नेहमी घेत असेल, तर तो थांबला म्हणजे सहा किंवा सातच; मग सहावाल्या बँकरनं पान घ्यायला हवं. आणि तक्ता काय सांगतो? थांबा. आजच्या प्रत्येक टेबलावर बँकर या जागी चुकीची चाल खेळतोय, आणि प्लेयर अजूनही कधीतरी पाचावर थांबत असावा असं समजून खेळतोय. ही दुरुस्ती केली असती तर बँकरची बाजू आणखी थोडी वरचढ झाली असती.

ठरवायला काही नाही म्हटल्यावर माणसानं हात कुठे मारावा? इतिहास सांगतो, फक्त पैजेवर किंवा पानांच्या पाठीवर. सप्टेंबर १८९०मध्ये यॉर्कशरच्या ट्रॅनबी क्रॉफ्ट या वाड्यात इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, बॅकराची बँक सांभाळत होते. सर विल्यम गॉर्डन-कमिंग या लष्करी अधिकाऱ्यावर आरोप आला की निकाल दिसल्यावर तो हळूच चिपा वाढवतो किंवा मागे घेतो. पुन्हा कधी पत्ते खेळणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेऊन प्रकरण दडपलं, पण ते फुटलं. त्यानं बदनामीचा दावा लावला आणि जून १८९१मध्ये तो हरला. राजगादीच्या वारसाला त्या खटल्यात साक्षीदार म्हणून उभं राहावं लागलं.

दुसरी वाट २०१२ची. लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत पोकरचे नामांकित खेळाडू फिल आयवी आणि त्यांच्या जोडीदार चुंग यिन सन बॅकरा खेळायला बसले. काही कॅटांच्या पाठीवरची नक्षी कापताना किंचित सरकते. पानाची एक लांब कड दुसरीसारखी नसते. सन यांनी नशिबाचं कारण सांगून डीलरकडून सत्ती, अठ्ठी, नव्वी उलट्या दिशेनं फिरवून घेतल्या. पिसायचं यंत्र पानं मिसळतं, पण फिरवत नाही. मग शूच्या तोंडाशी आलेल्या पानाची पाठच सांगायला लागली की पुढे मोठं पान आहे की नाही. जवळपास ७७ लाख पौंड जिंकले. कॅसिनोनं दिले नाहीत. आयवी म्हणाले, मी पानाला हातही लावला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्ये ठरवलं की ही फसवणूकच आहे.

मकावचे खेळाडू मात्र पानाला हात लावतात, आणि काय प्रेमानं लावतात! मोठ्या पैजेच्या टेबलावर पान उपडंच खेळाडूच्या हाती देतात. तो ते एका कडेनं कणाकणानं वाकवत उघडतो. अशा दुमडलेल्या पानांनी पुन्हा खेळता येत नाही, ती बादच करतात. घरी करून बघा, फार गंमत येते. आखूड कडेकडून वाकवा: सरळ चौकटीची रेघ दिसली तर गुलाम-राणी-राजा, म्हणजे शून्य. काहीच नाही दिसलं तर एक्का. मधोमध एक ठिपका दिसला तर दुर्री किंवा तिर्री. दोन कोपऱ्यांत दोन ठिपके दिसले तर चौकी ते दश्शी. आता पान फिरवून लांब कडेकडून वाकवा आणि कडेचे ठिपके मोजा. दोन असतील तर चौकी किंवा पंजी. तीन असतील तर छक्की, सत्ती किंवा अठ्ठी. चार असतील तर नव्वी किंवा दश्शी. तीन निघाले आणि तुम्हाला आठ हवे आहेत? मग मधल्या ओळीत दोन ठिपके हवेत, एक असेल तर सत्ती, एकही नसेल तर छक्की. पान केव्हाच ठरलेलं असतं, तरी नकोसा ठिपका उडवून लावायला लोक पानावर फुंकर मारतात.

आपल्या बाजूला हा खेळ दिसतो तो गोव्यात, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या जहाजांवर. मकाव आणि गोवा दोन्ही एकेकाळी पोर्तुगीजांचे. १८४४पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. गोव्यातल्या रहिवाशांना मात्र २०२०पासून तिथे खेळायला बंदी आहे. महाराष्ट्रानं १९७६मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३मध्ये रद्द करून टाकला. तेव्हा खेळ समजून घ्यायचा असेल तर घरचं टेबल सगळ्यात बरं, पैसे अजिबात न लावता. आठ कॅट नसले तरी चालतं: एकाच कॅटवर बँकरचा तोटा १.०६ऐवजी १.०१ टक्के होतो आणि प्लेयरचा १.२४ऐवजी १.२९, बस्स. एका डावाला सरासरी पाचाच्या आत पानं लागतात, म्हणून एका कॅटमध्ये दहाएक डाव सहज होतात.

आणि घरी बसलात की जुन्या फ्रेंच नियमानं खेळा. प्लेयरला पाचाची मोकळीक परत द्या, आणि प्लेयर थांबल्यावर बँकरला सहाची. मनानं ठरवू नका, मनाला सवय लागते आणि समोरच्याला ती ओळखू येते. प्लेयरनं दुसऱ्या कॅटमधली किलवरची एक्का ते गुलाम अकरा पानं पिसून जवळ ठेवावीत. पाच आले की गुपचूप त्यांतलं एक उचलावं, एक्का किंवा दुर्री निघाली तर थांबावं, नाहीतर पान घ्यावं. बँकरला २२८८ पानं कुठून आणायची, असं वाटेल. नको, ८५९ भागिले २२८८ म्हणजे जवळजवळ बरोबर आठातले तीन. त्याच्याकडे तीन लाल आणि पाच काळी पानं द्या. प्लेयर थांबला, बँकरच्या हातात सहा आहेत, की त्यानं आठांतलं एक उचलावं. लाल निघालं तर पान घ्यावं.